मुंबई ते न्यूअर्क, एका दमात

पृथ्वीगोल घ्या, दोऱ्याचं एक टोक मुंबईवर अंगठ्याने दाबून धरा आणि दुसरं टोक न्यूयॉर्कवर ताणून बसवा. आमच्या शाळेतल्या मुलांना दर वर्षी वाटायचं, दोरा अरबी समुद्रावरून नीट पश्चिमेला जाणार. तो तसा जात नाही. मुंबई सोडताच तो उत्तरेकडे चढायला लागतो. सौराष्ट्र, सिंध, कंदाहारजवळचा डोंगराळ मुलूख, हेरातचा परिसर, तुर्कमेनिस्तानचं वाळवंट, कास्पियन समुद्राच्या डोक्याशी असलेला कझाकस्तान, व्होल्गा नदी, मॉस्कोचा शेजार, हेलसिंकी, नॉर्वेतलं ट्रॉनहाइम, आइसलंडचा दक्षिण भाग. तिथून तो ग्रीनलंडच्या टोकाजवळून लॅब्रेडॉरवर उतरतो आणि मेन राज्यावरून न्यूयॉर्कला येतो. वाटेत जवळजवळ ६५ अंश उत्तर अक्षांशापर्यंत, म्हणजे आर्क्टिक वृत्ताच्या उंबऱ्यापर्यंत जाऊन आलेला असतो.

हा दोरा म्हणजे गोलावरचं सगळ्यात कमी अंतर. मुंबई ते न्यूयॉर्क किंवा त्याच्या पलीकडच्या तीरावरचं न्यूअर्क, साधारण साडेबारा हजार किलोमीटर. भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून हीच दोन शहरं जोडली आणि त्या रेघेवरून होकायंत्राची दिशा न बदलता गेलं, तर अंतर भरतं सुमारे चौदा हजार दोनशे. सतराशे किलोमीटरचा फरक. मुंबई ते श्रीनगर इतका. मर्केटरने १५६९ मध्ये तो नकाशा दर्यावर्दी लोकांसाठी काढला होता. त्यांना दिशा अचूक हवी होती, म्हणून त्याने दिशा राखली आणि लांबी सोडून दिली. वर्गात तो नकाशा टांगून मी कितीतरी वर्षं शिकवलं, आणि दर वेळी शेजारी पृथ्वीगोल ठेवूनच शिकवलं. नकाशाचं खरं-खोटं करायला पृथ्वीगोल हवाच.

निवृत्तीनंतर लेकीकडे, न्यू जर्सीतल्या एडिसनला जायचं ठरलं, तेव्हा तिने दोन पर्याय कळवले. एक आखातातल्या एका विमानतळावर उतरून, चार-पाच तास थांबून पुढे जाण्याचा. दुसरा मुंबईहून सरळ न्यूअर्कचा, मध्ये कुठेही न थांबता. दुसरा महाग होता. तिला वाटलं, आई गुडघ्यांसाठी दुसरा निवडतेय. तेही होतंच. पण आयुष्यभर फळ्यावर जी वाट काढून दाखवली, तिच्या शक्य तितक्या जवळून एकदा जावं, ही इच्छा त्याहून मोठी होती.

शक्य तितक्या जवळून, असं म्हणावं लागतं, कारण त्या दोऱ्यावरून आज मुंबईचं विमान जाऊ शकत नाही. पहलगामच्या हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने आपलं आकाश भारतीय विमानांना बंद केलं, ३० एप्रिलला भारताने पाकिस्तानी विमानांना आपलं बंद केलं, आणि मग ही बंदी दोन्ही बाजूंनी महिन्यामागून महिना वाढत गेली. याआधी २०१९ मध्येही, बालाकोटनंतर, फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत ते आकाश बंद होतं. त्यापलीकडे अफगाणिस्तान, तिथलं हवाई नियंत्रण ऑगस्ट २०२१ मध्ये कोलमडलं. त्यापलीकडे रशिया. युक्रेनवरच्या आक्रमणानंतर २०२२ पासून युरोप-अमेरिकेतल्या कंपन्यांना रशियाच्या आकाशातून जाता येत नाही. भारतीय विमानांना ते दार उघडं आहे, पण मुंबईहून त्या दारापर्यंत जाणारी जवळची वाट सिंध-बलुचिस्तानवरूनच जाते.

याचं मला वाईट वाटतं, आणि त्यातही सिंधचं जास्त वाटतं. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे.आर.डी. टाटांनी एका इंजिनाच्या छोट्या पुस मॉथ विमानातून टपालाच्या थैल्या आणल्या, त्या कराचीहून. वाटेत अहमदाबाद, आणि मग जुहूच्या मातीच्या मैदानावर उतरले. आपल्या नागरी विमानवाहतुकीचा पहिला धडा गिरवला गेला तो याच हवेत. आज मुंबईहून निघालेलं विमान त्या बाजूला नाक वळवू शकत नाही. दिल्लीकरांचे तर फारच हाल आहेत. पश्चिमेला जायचं तर त्यांना आधी खाली गुजरातच्या बाजूला यावं लागतं. काही उड्डाणांना युरोपात इंधनासाठी उतरावं लागलं आणि दिल्ली–वॉशिंग्टन ही सेवा सप्टेंबर २०२५ पासून थांबवण्यात आली. आम्हा मुंबईकरांना समुद्र मोकळा आहे. अरबी समुद्रावरून मस्कत, मग आखात, इराक, तुर्कस्तान, काळा समुद्र, मध्य युरोप, स्कॉटलंड आणि अटलांटिक. मी ढोबळ हिशोब मांडला, तर दोऱ्यापेक्षा पाच-सहाशे किलोमीटर जास्त भरले.

ऑक्टोबरचे पहिले दिवस. विमान रात्री दोनचं, आणि आम्ही कल्याणहून निघालो संध्याकाळी सातला. शीळफाट्याच्या रस्त्यावर पलावापाशी गाड्या थांबल्या त्या थांबल्याच. ऐरोलीचा पूल, पवई, मग सहार. सामान, बोर्डिंग पास, इमिग्रेशन, सुरक्षा तपासणी. या सगळ्याचा वेळ कुठल्याही वेळापत्रकात नसतो, पण प्रवासाचा वेळ म्हणजे दारापासून दारापर्यंतचा वेळ, असं मी मानते. वेळापत्रकातले सोळा तासही निव्वळ हवेतले नसतात. विमान जागेवरून मागे ढकललं जातं तिथपासून दुसऱ्या टोकाला जागेवर उभं राहीपर्यंतचा तो काळ असतो, आणि त्यात धावपट्टीकडे सरकणं, रांगेत थांबणं, सगळं धरलेलं असतं.

विमान बोइंग ७७७ जातीचं, मोठं. उड्डाणाच्या वेळी त्याचं जास्तीत जास्त वजन ३५१ टन असू शकतं, आणि त्याच्या टाक्या काठोकाठ भरल्या तर त्यात एक लाख ऐंशी हजार लिटरच्या वर, म्हणजे सुमारे १४५ टन इंधन मावतं. वजनाचे पाच वाटे केले तर दोन वाटे इंधनाचे. माणसं, सामान, जेवणाच्या गाड्या, हे सगळं त्यापुढे थोडकं. लांबच्या उड्डाणाचं गणित इथेच अवघड होतं, कारण इंधन वाहून न्यायलाही इंधन लागतं. शेवटच्या तासासाठी ठेवलेलं तेल आधीचे पंधरा तास उचलून न्यावं लागतं, आणि ते उचलण्यात त्यातला बराच हिस्सा वाटेतच जळतो. म्हणून पल्ला दुप्पट केला की इंधन दुपटीहून जास्त लागतं. पाच-सहाशे किलोमीटरचा वळसा कागदावर लहान दिसतो, पण त्याचा भार पहिल्या मिनिटापासून विमानाच्या पंखांवर असतो.

धावपट्टीवरची ती धाव मला फार लांबलेली वाटली. रात्रीची हवा त्यातल्या त्यात थंड, म्हणून दाट. जड विमानाला तिचा आधार होतो. चाकं सुटली, खाली जुहूचे दिवे गेले आणि लगेच काळोखा समुद्र आला.

शेजारी नागपूरचा एक मुलगा होता, पेनसिल्व्हेनियात नोकरीला निघालेला. समोरच्या पडद्यावर त्याने उंची पाहिली आणि मला विचारलं, “काकू, हे एवढं खालून का उडतंय? मागच्या वेळी तर अडतीस हजार फुटांवर होतं ना.” आम्ही एकतीस हजारांवर होतो. मी म्हटलं, “आत्ता ते जड आहे. विरळ हवेत एवढं वजन तोलणार नाही. तेल जळेल तसं हलकं होईल आणि पायरी-पायरीने वर जाईल. तू बघच.” त्याने खरोखरच पाहिलं. तुर्कस्तानच्या हद्दीत आकडा तेहतीस हजार झाला, स्कॉटलंडच्या आसपास पस्तीस. दर वेळी त्याने मला कोपराने हलकेच ढोसून दाखवलं. पडद्यावरच्या एवढ्याशा आकड्यातून विमानाचं वजन उतरताना दिसतं, हे त्याला फार आवडलं. मलाही शाळा सुटल्यापासून असा विद्यार्थी मिळाला नव्हता.

इराकवरून जाताना खाली तेलविहिरींच्या ज्वाला दिसल्या, एकेकट्या, दूर दूर. पुढचा युरोप मी झोपेत ओलांडला.

जाग आली तेव्हा पडद्यावर उत्तर समुद्र मागे पडत होता. भारतात सकाळचे अकरा वाजून गेलेले, घरी असते तर दुपारच्या जेवणाची तयारी चालू असती. खिडकीबाहेर मात्र रात्रच. माझी खिडकी डाव्या बाजूची, पंखाच्या मागची. मान वळवून शेपटीकडे पाहिलं, तर क्षितिजावर एक बारीक पट्टा उजळलेला. खाली गर्द निळा, वर राखाडी, मध्ये विझत्या निखाऱ्याचा रंग. वाटलं, पाच-दहा मिनिटांत सूर्य येईल. आणि मग ध्यानात आलं, की तो येणार नाही, इतक्यात तर नाहीच.

हे मी शिकवलेलं होतं. पृथ्वी विषुववृत्तावर ताशी सुमारे १,६७० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे फिरते. मुंबईच्या अक्षांशावर तो वेग होतो १,५८०, न्यूयॉर्कच्या अक्षांशावर १,२६५ च्या घरात. जसजसं उत्तरेला जावं तसतसा घेर लहान होतो आणि वेग कमी. ५७-५८ अंशांवर, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तर भागात, तो जवळजवळ ९०० वर येतो. विमानाचा वेग तितकाच. जमीन जितक्या वेगाने पूर्वेला सरकते, जवळजवळ तितक्याच वेगाने आम्ही पश्चिमेला चाललो होतो. सूर्याच्या दृष्टीने आम्ही जागच्या जागी उभे होतो.

ती पहाट तीन तासांहून अधिक टिकली. मी दुसरं काही केलं नाही. चहा आला, तो खिडकीकडे तोंड करूनच प्याले. पट्टा हळूहळू रुंद झाला, इतका हळू की बदल दिसायचा नाही, फक्त मधूनच कळायचं की मघाशी पंखावर न दिसणारे खिळे आता दिसताहेत. शुक्र एका जागी खिळल्यासारखा. खाली ढगांचा थर शिशाच्या रंगाचा. कल्याणला गच्चीवर उभं राहून पाहिलं, तर झुंजुमुंजू होण्यापासून ऊन पडेपर्यंत अर्धा-पाऊण तास जातो, आणि त्यातली प्रत्येक छटा क्षणभर थांबून निघून जाते. इथे एकेका छटेसमोर बसून राहता येत होतं. भूगोलाच्या पुस्तकात पृथ्वीच्या परिवलनावर एक धडा असतो. त्या धड्याच्या आत बसून प्रवास करायला मिळाला, याबद्दल मी त्या खिडकीची ऋणी आहे. न्यूफाउंडलंडजवळ विमान नैऋत्येला वळत खालच्या अक्षांशांवर आलं, पृथ्वी पुन्हा आमच्यापेक्षा वेगवान झाली, आणि सूर्य आला.

अटलांटिकवर आणखी एक गोष्ट पडद्यावर दिसत होती. जमिनीच्या मानाने आमचा वेग ९०० नव्हता, ८०० आणि ८५० च्या मध्ये खेळत होता. समोरून वारा होता. मध्यम अक्षांशांवर दहा-बारा किलोमीटर उंचीवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे हवेचा जो प्रचंड प्रवाह वाहतो, जेट स्ट्रीम, त्याच्या कडेकडेने आम्ही चाललो होतो. त्याचा वेग ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर सहज असतो, हिवाळ्यात त्याहून पुष्कळ जास्त. जपानमधल्या तातेनो वेधशाळेत वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून सोडून तो मोजला आणि आपला अहवाल एस्पेरांतो भाषेत छापला, सगळ्या जगाला वाचता यावा म्हणून. तो फारसा कुणी वाचलाच नाही. दुसऱ्या महायुद्धात जपानवर गेलेल्या अमेरिकन बॉम्बफेकी विमानांना समोरच्या वाऱ्याने जागीच रोखल्यासारखं केलं, तेव्हा कुठे जगाचं त्याकडे लक्ष गेलं. त्या माणसाची आठवण अटलांटिक ओलांडणाऱ्या प्रत्येकाने काढावी, असं मला वाटतं.

नागपूरच्या मुलाला मी कागदी रुमालावर गणित मांडून दिलं. पाच हजार किलोमीटरचा टप्पा, विमानाचा हवेतला वेग ९००, वारा १५०. समोरून असेल तर खरा वेग ७५०, वेळ सहा तास चाळीस मिनिटं. पाठीमागून असेल तर १,०५०, वेळ पावणेपाच तास. एकाच टप्प्यात जवळजवळ दोन तासांचा फरक, अंतर तेच. फेब्रुवारी २०२० मध्ये एका वादळाच्या पाठीवर बसून एक जंबो जेट न्यूयॉर्कहून लंडनला पाच तासांच्या आत पोचलं होतं. म्हणून कुणी दोन विमानतळांमधलं अंतर विचारलं तर एक आकडा सांगता येतो. वेळ विचारली तर आधी विचारावं लागतं, कुठल्या दिशेने, कुठल्या ऋतूत.

हा वारा रोज जागा बदलतो, म्हणून अटलांटिकवरचे हवाई रस्तेही रोज नव्याने आखतात, पश्चिमेला जाणारे वेगळे आणि पूर्वेला येणारे वेगळे. अर्धा समुद्र आयर्लंड-स्कॉटलंडमधल्या शॅनविक केंद्राकडे, अर्धा न्यूफाउंडलंडमधल्या गँडरकडे. ३० अंश पश्चिम रेखांशावर विमान एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जातं. गँडर हे नाव मी फार आदराने घेते. जुन्या काळी अटलांटिक ओलांडणारी विमानं तिथे तेल भरायला उतरत. ११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेने आपलं आकाश बंद केलं तेव्हा ३८ प्रवासी विमानं एकदम तिथे उतरवण्यात आली, साडेसहा हजारांच्या वर माणसं. गावाची वस्ती दहा हजारांच्या आसपास. गावाने त्यांना शाळांमध्ये, चर्चमध्ये, स्वतःच्या घरांमध्ये कित्येक दिवस ठेवून घेतलं, जेवू घातलं. ढगांच्या फटीतून खाली काळी तळी आणि झाडी दिसत होती. गाव दिसलं नाही, पण पडद्यावर नाव दिसलं.

न्यूअर्कला उतरलो तेव्हा तिथे सकाळचे साडेआठ, तारीख तीच. माझ्या हातातल्या घड्याळात संध्याकाळचे सहा. एका रात्रीतून निघून त्याच रात्रीच्या सकाळी पोचलो होतो, मधली दुपार कुठेतरी आकाशात विरून गेली होती. शरीराला हे कळत नाही. इमिग्रेशनच्या रांगेत माझे डोळे मिटत होते आणि बाहेर कोवळं ऊन होतं. लेक दाराशी उभी होती.

एडिसनच्या वाटेवर, विमानतळापासून फार दूर नाही, रोझेल नावाचं गाव लागतं. तिथे थांबायचंच, असं मी लेकीला आधीच सांगून ठेवलं होतं. झोप झाल्यावर दोन दिवसांनी ती मला घेऊन गेली. साधं गाव. लाकडी घरं, अंगणात मेपलची लाल झालेली झाडं, रेल्वेचा रूळ. कल्याणच्या माणसाला तिथे काय बघायचं असेल, असं कुणालाही वाटेल. पण कल्याणला जन्मलेली एक अठरा वर्षांची मुलगी १८८३ च्या जूनमध्ये याच गावात येऊन राहिली. आनंदीबाई जोशी. ७ एप्रिलला ती कलकत्त्याहून बोटीत बसली, नवरा बरोबर नव्हता. इंग्लंडमार्गे ४ जूनला न्यूयॉर्कच्या धक्क्याला लागली. तिला घ्यायला कार्पेंटरबाई रोझेलहून आल्या होत्या, ज्यांना तिने तोवर फक्त पत्रांतून ओळखलं होतं. याच रोझेलमध्ये त्याच वर्षीच्या जानेवारीत एडिसनने खांबांवरून तारा नेऊन विजेचे दिवे लावले होते. डोक्यावरून तारा टाकून उजळवलेलं ते जगातलं पहिलं गाव. कलकत्त्याहून निघून दोन महिने समुद्रावर काढलेल्या त्या मुलीने पहिली अमेरिकन संध्याकाळ त्या दिव्यांच्या गावात पाहिली.

लेकीला मी म्हटलं, “तिला जवळजवळ साठ दिवस लागले. मला दारापासून दारापर्यंत एक दिवस आणि वर थोडं.”

ती म्हणाली, “आणि माझ्या मुलीला लागेल तेव्हा किती?”

हा प्रश्न सोपा नाही. १४ मे १९६० रोजी एअर इंडियाचं बोइंग ७०७ मुंबईहून लंडनमार्गे न्यूयॉर्कला जाऊ लागलं. ते जेट विमान हवेत ज्या वेगाने जायचं, साधारण त्याच वेगाने आजची विमानं जातात. काँकॉर्ड १९७६ पासून आवाजाच्या दुप्पट वेगाने प्रवासी नेत होतं, तेही २००३ मध्ये थांबलं. म्हणजे साठाचा एक दिवस झाला तो बहुतेक सगळा पहिल्या ऐंशी वर्षांत. त्यानंतर वाचला तो वेळ मधले थांबे गाळून, हलके पंख आणि कमी तेल पिणारी इंजिनं बनवून. इंजिनिअर लोकांनी पन्नास वर्षं खपून मिनिटामिनिटाने वेळ जमवला. आणि आता आकाशाचे तुकडे बंद होताहेत, तसतसा तोच वेळ पुन्हा खर्ची पडतोय. समोरच्या वाऱ्याची माझी तक्रार नाही, तो पृथ्वीच्या फिरण्यातून येतो आणि परतीला तोच पाठीशी उभा राहतो. सिंध टाळण्याचा वळसा जाताना लागतो आणि येतानाही लागतो. तो आम्हा माणसांचा आहे. नातीने मोठेपणी दोऱ्यावरून उडावं, कराचीचे दिवे उजवीकडे पाहत मुंबईच्या वाटेला लागावं, असं मला फार वाटतं. मी लेकीला तेच सांगितलं, आणि तास सांगितले नाहीत.

आनंदीबाईंच्या अस्थी हडसन नदीच्या काठी पोकीप्सी या गावी, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत आहेत. त्या पुण्यात गेल्या, फेब्रुवारी १८८७ मध्ये, डॉक्टर होऊन वर्षही झालं नव्हतं. अस्थी मात्र पुन्हा तेवढा सगळा समुद्र ओलांडून इकडे आल्या. नोव्हेंबरात आम्ही तिथेही जाऊन आलो. वाटेत लेक बराच वेळ बोलली नाही. मग तिने गाडीतच विचारलं, कल्याणला त्यांचं घर कुठे होतं. मला माहीत होतं तेवढं मी सांगितलं.

परतीचं विमान डिसेंबरातलं. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं तासभर मागे गेली होती, त्यामुळे साडेनऊ तासांचा फरक आता साडेदहा झाला होता. दुपारच्या आधी निघालो. या वेळी वारा पाठीशी, आणि हिवाळ्यातला, भरात आलेला. पडद्यावर १,०५०, मग १,१०० च्या पुढचा आकडा दिसला. सूर्य ज्या घाईने मावळला ती पाहून मन चरकलं. जाताना तीन तास थांबलेली पहाट आणि आता पाहता पाहता संपलेली संध्याकाळ. उत्तर युरोपातली डिसेंबरची रात्र सतरा-अठरा तासांची असते, आम्ही तिच्याकडे धावत जाऊन आठेक तासांत तिच्यातून बाहेर पडलो. आखातावर ऊन होतं.

अरबी समुद्रावर आल्यावर कप्तानाने सांगितलं, आपण वेळेच्या बरेच आधी आहोत. मग विमान एका बाजूला कललं, आणि कललेलंच राहिलं. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते, आणि सकाळच्या त्या वेळात खाली उतरणाऱ्यांची आणि वर जाणाऱ्यांची दाटी असते. वाऱ्याने दिलेली मिनिटं किनाऱ्याजवळ गोल फिरण्यात गेली. खाली कोळ्यांच्या होड्या, मातकट पाणी, मग हिरवा किनारा, पुन्हा होड्या. मला घाई नव्हती.

उतरून सामानाच्या पट्ट्याशी उभी राहिले आणि लेकीला फोन लावला. इथे सव्वाअकरा, तिकडे मध्यरात्रीनंतरचे पाऊण. ती जागीच होती, विमानांचा माग दाखवणारं ॲप उघडून बसलेली.

“आई, तुम्ही अलिबागसमोर एवढ्या घिरट्या का घालत होतात?”

मी तिला धावपट्ट्यांचं सांगायला लागले.